दुबळा बलवानावर का चालून जातो? जपान, १९४१ : घसरत्या गुणोत्तराची कथा

१/ ऑगस्ट १९४१ च्या अखेरीस टोकियोत पंतप्रधानांच्या निवासस्थानी तिशीतल्या काही तरुणांनी देशाच्या नेत्यांपुढे एक अहवाल मांडला. अमेरिकेशी युद्ध झाल्यास आरंभी विजय मिळतील, मग युद्ध लांबेल, जहाजे आणि कच्चा माल संपत जाईल, अखेरीस सोव्हिएत रशियाही विरोधात उतरेल आणि जपान पराभूत होईल, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतर सुमारे शंभर दिवसांनी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. आजचा धागा या शंभर दिवसांविषयी आणि त्यांच्यामागील चाळीस वर्षांविषयी आहे.

२/ राष्ट्रे बलाबल पाहून युद्ध करतात, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. बलवान चढाई करतो, दुबळा नमते घेतो किंवा बचाव करतो. हे सूत्र खरे मानले तर १९४१ चा उलगडा होत नाही. मग आपण ‘जपानी नेत्यांची मती फिरली होती’ असे म्हणून पुस्तक मिटतो. परंतु त्या काळातील बैठकांची टिपणे उपलब्ध आहेत, आणि ती वाचताना दिसतात आकडे मांडणारी, एकमेकांना प्रश्न विचारणारी, अस्वस्थ माणसे. बलाबल त्यांना ठाऊक होते. प्रश्न असा की ठाऊक असूनही ते युद्धाकडे कसे वळले?

३/ प्रथम त्या तरुणांविषयी. १९४० साली जपान सरकारने ‘सर्वंकष युद्ध संशोधन संस्था’ स्थापन केली. निरनिराळी मंत्रालये, लष्कर, नौदल आणि काही खासगी संस्था यांतून निवडक तरुण तेथे पाठवले गेले. १९४१ च्या उन्हाळ्यात त्यांना एक लुटुपुटीचे मंत्रिमंडळ बनवून अमेरिकेशी युद्धाची पूर्ण मांडणी करण्यास सांगण्यात आले. प्रत्येकजण स्वतःच्या खात्यातील खरी माहिती बाळगून होता. पोलाद, तेल, जहाजबांधणी, अन्नधान्य या साऱ्यांचा हिशेब झाला, आणि उत्तर आले : पराभव.

४/ सादरीकरणास तत्कालीन लष्करमंत्री तोजो हिदेकी उपस्थित होते. त्यांची प्रतिक्रिया पुढे प्रसिद्ध झाली. रशियाशी झालेल्या युद्धात आपण जिंकू असे आपल्यालाही वाटले नव्हते, तरी जिंकलो. युद्ध कागदावरच्या आराखड्याप्रमाणे चालत नसते, असा तिचा आशय होता. या अभ्यासाविषयी बाहेर बोलू नये, अशी ताकीदही त्यांनी दिली. तोजोंनी आकडे खोटे ठरवले नाहीत. त्यांनी आकड्यांपुढे एक आठवण उभी केली. म्हणून आपल्यालाही आधी त्या आठवणीकडे, म्हणजे १९०४ कडे जावे लागेल.

५/ १९०४ साली रशियाचे लष्कर जपानच्या कितीतरी पट मोठे होते. मात्र त्यातले बहुतेक युरोपात होते, आणि मंचुरियापर्यंत येण्यास सैबेरियातून जाणारा एकच एकेरी लोहमार्ग होता. तोही बैकल सरोवरापाशी तुटलेला. तेथे माणसे आणि सामान उतरवून सरोवर पार करावे लागे. सरोवराला वळसा घालणाऱ्या रुळांचे काम सुरू होते. ते पुरे झाले की रशियाची खरी ताकद पूर्वेकडे येऊ शकणार होती. जपानच्या दृष्टीने प्रश्न ‘रशिया किती बलाढ्य आहे’ इतकाच नव्हता. रशियाचे बळ येथे पोहोचण्यास किती अवकाश आहे, हा होता.

६/ फेब्रुवारी १९०४ मध्ये जपानने औपचारिक घोषणेपूर्वीच पोर्ट आर्थर येथील रशियन आरमारावर रात्री हल्ला केला. मार्च १९०५ मध्ये मुकदेनची लढाई आणि मे महिन्यात त्सुशिमाची नाविक लढाई जपानने जिंकली. त्सुशिमाचा विजय इतका पूर्ण होता, की पुढील चाळीस वर्षे जपानी नौदलाच्या कल्पनेत प्रत्येक भावी युद्ध त्याच एका निर्णायक लढाईत संपत असे.

७/ या कथेचा दुसरा अर्धा भाग मात्र मागे पडला. मुकदेननंतर जपान पुरता थकला होता. अधिकारी, दारूगोळा आणि पैसा तिन्ही आटत होते. पैसा तर मुळातच लंडन आणि न्यूयॉर्कच्या बाजारातून कर्जाऊ घेतलेला होता. ज्या दिवशी युद्धाचा निर्णय झाला त्याच दिवशी ज्येष्ठ नेते इतो हिरोबुमी यांनी हार्वर्डमध्ये शिकलेल्या कानेको केंतारो यांना अमेरिकेस जाण्यास सांगितले. लोकमत अनुकूल करणे आणि वेळ येताच राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची मध्यस्थी मिळवणे, हे त्यांचे काम. सप्टेंबर १९०५ मध्ये अमेरिकेतील पोर्ट्समथ येथे तह झाला.

८/ म्हणजे १९०४ चा जुगार खेळणाऱ्यांनी पहिला डाव टाकण्याआधी डावातून उठायचे कसे, याचाही विचार केला होता. पैसा देणारा कोण आणि भांडण सोडवणारा कोण, ही दोन्ही उत्तरे त्यांच्यापाशी होती, आणि दोन्हींमध्ये अमेरिका होती. पुढच्या पिढीने या युद्धातून ‘वेळ निघून जाण्याआधी घाव घालावा’ एवढाच धडा उचलला. उरलेला अर्धा धडा सोडून दिला. १९४१ मध्ये याच निवडक स्मरणाची किंमत मोजावी लागली.

९/ आता १९२२. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांच्यात आरमारी चढाओढ सुरू झाली होती. ती थांबवण्यासाठी झालेल्या वॉशिंग्टन करारात मोठ्या युद्धनौकांचे प्रमाण ५ : ५ : ३ ठरले. अमेरिकेच्या दहाला जपानच्या सहा. जपानला सात हव्या होत्या. अमेरिकेच्या संकेतभेदकांनी जपानी तारा वाचल्या होत्या. सहावरही जपान राजी होईल, हे त्यांना वाटाघाटी चालू असतानाच कळले होते.

१०/ सहा आणि सात यांत एवढे काय होते? तत्कालीन जपानी नौदलाचे गृहीतक असे, की महासागर ओलांडून येणाऱ्या आक्रमकास बचाव करणाऱ्यापेक्षा दीडपट बळ लागते. दहाला सात म्हणजे सुमारे १.४३ पट, आक्रमकास अपुरे. दहाला सहा म्हणजे सुमारे १.६७ पट, आक्रमकास पुरेसे. म्हणून ‘सत्तर टक्के’ हा आकडा जपानी नौदलात केवळ गणिताचा राहिला नाही, तो अस्मितेचा झाला. सत्तर म्हणजे सुरक्षितता, साठ म्हणजे अपमान.

११/ नौदलमंत्री काटो तोमोसाबुरो यांनी तरीही सही केली. त्यांचे म्हणणे साधे होते. आधुनिक युद्धास पैसा लागतो. तो कर्जाऊ देऊ शकेल असा देश एकच, अमेरिका. आणि अमेरिकेशीच लढायचे तर कर्ज देणार कोण? म्हणून अमेरिकेशी युद्ध अशक्य आहे, आणि करार हेच संरक्षण. काटोंचे गुणोत्तर नौकांचे नव्हते, दोन्ही देशांच्या एकूण आर्थिक कुवतीचे होते. शिवाय करार नसता तर अमेरिका दहावर थांबली नसती, हेही त्यांना उमगले होते. दुर्दैवाने १९२३ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि नौदलात हळूहळू सत्तर टक्केवाल्यांचा आवाज मोठा होत गेला.

१२/ डिसेंबर १९३४ मध्ये जपानने करारातून बाहेर पडण्याची सूचना दिली, आणि १९३६ च्या अखेरीस बंधने संपली. १९३७ मध्ये ‘यामातो’ या प्रचंड युद्धनौकेची बांधणी सुरू झाली. तिच्या तोफांचा व्यास ४६ सेंटिमीटर. जगात कोणत्याच युद्धनौकेवर एवढ्या तोफा नव्हत्या. संख्येत मागे असल्यास प्रत्येक नौका सरस असावी, ही त्यामागची दृष्टी. त्याच वर्षी जुलैमध्ये जपानने चीनवर पूर्ण युद्ध लादले. नानजिंगचा भीषण नरसंहार झाला, शहरामागून शहरे पडली, पण चीन शरण आला नाही. १९४१ पर्यंत या युद्धाला चार वर्षे झाली होती.

१३/ चीनमधील युद्धाने जपानला एका विचित्र कोंडीत आणले. ते चालवण्यासाठी लागणारे तेल आणि भंगार लोखंड बहुतांशी अमेरिकेकडून येत असे. तेलाचा तर सुमारे ८० टक्के पुरवठा अमेरिकन. ज्या देशाचा या आक्रमणास विरोध, त्याच्याच तेलावर हे आक्रमण चालले होते. हे परावलंबन संपवण्यासाठी दक्षिणेकडील डच ईस्ट इंडीजचे, म्हणजे आजच्या इंडोनेशियाचे, तेल हाती घ्यावे, हा विचार बळावला.

१४/ जून १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे कोसळला. टोकियोत अनेकांना ही सुवर्णसंधी वाटली : फ्रान्स आणि हॉलंड पराभूत, ब्रिटन संकटात, त्यांच्या आशियातील वसाहती उघड्या. पण याच घटनेने वॉशिंग्टनलाही हलवले. १९ जुलै १९४० रोजी अमेरिकेने ‘दोन महासागरांच्या नौदला’चा कायदा केला. त्यातून आरमारात सुमारे ७० टक्के वाढ होणार होती : १३ लाख २५ हजार टनांच्या नव्या नौका, त्यांत १८ विमानवाहू नौका. सप्टेंबरमध्ये जपानने जर्मनी आणि इटलीशी करार केला खरा, परंतु जर्मनीच्या ज्या विजयावर त्याची भिस्त होती, त्याच विजयाने अमेरिकेचे गोदी-कारखाने जागे केले होते.

१५/ आता या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचे आकडे. जपानी नौदलाच्या हिशेबाप्रमाणे १९४१ च्या अखेरीस त्याचे बळ अमेरिकेच्या सुमारे ७० टक्के असणार होते. १९४२ मध्ये ते ६५ टक्क्यांवर, १९४३ मध्ये ५० वर आणि १९४४ मध्ये ३० टक्क्यांवर घसरणार होते. ज्या सत्तर टक्क्यांचा ध्यास नौदलाने वीस वर्षे घेतला, ते अखेर हाती आले होते, आणि हाती येताच निसटू लागले होते.

१६/ ही उतरंड डोळ्यांपुढे ठेवून पाहा. केवळ ‘७०’ हा आकडा पाहणारा म्हणेल : आपण कमजोर आहोत, थांबू या. ‘७०, ६५, ५०, ३०’ ही मालिका पाहणारा म्हणेल : थांबलो तर संपलो. बळाचे गुणोत्तर आणि त्या गुणोत्तराची दिशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युद्धाच्या उंबरठ्यावरील राष्ट्र पुष्कळदा पहिलीपेक्षा दुसरीला अधिक भिते. जर्मन सेनाप्रमुख मोल्टके यांनाही १९१४ मध्ये रशियाच्या आजच्या सैन्यापेक्षा १९१७ पर्यंत उभे राहणारे सैन्य अधिक छळत होते.

१७/ उतरंडीला घाई दिली ती तेलाने. जुलै १९४१ मध्ये जपानी सैन्य दक्षिण इंडोचायनात शिरले. २६ जुलैला अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली. ब्रिटन आणि डच प्रशासनानेही तेच केले. ऑगस्टपासून तेल प्रत्यक्षात बंद झाले. नौदल सेनाप्रमुख नागानो ओसामी यांनी सम्राटांना सांगितले, की साठा दोन वर्षे पुरेल, आणि युद्ध झाल्यास दीड वर्ष. ऑक्टोबरमधील एका बैठकीत ते म्हणाले, की नौदल दर तासाला ४०० टन तेल जाळत आहे. चर्चेची खोली आता वाळूच्या घड्याळासारखी झाली होती.

१८/ अमेरिकेहून परतलेले कर्नल इवाकुरो हिदेओ यांनी याच सुमारास दोन्ही देशांची तुलना नेत्यांपुढे ठेवली. पोलादात अमेरिका वीसपट, कोळशात दहापट, विमानांत पाचपट, तेलात शंभरपटीहून अधिक. एकंदर युद्धक्षमतेत दहापट. काही काळातच इवाकुरो यांची टोकियोतून बदली होऊन त्यांच्याकडे आघाडीवरील एका पलटणीचे नेतृत्व आले. संयुक्त आरमाराचे सेनापती यामामोतो इसोरोकू यांनी तर १९४० मध्येच पंतप्रधान कोनोये यांना बजावले होते, की पहिले सहा महिने किंवा वर्षभर आपण जोराने लढू. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मात्र खात्री देता येणार नाही. अज्ञान हा या कथेतील खलनायक नाही.

१९/ ५ सप्टेंबरला सम्राट हिरोहितो यांनी लष्कराचे सेनाप्रमुख सुगियामा हाजिमे यांना विचारले, की ही मोहीम किती काळ चालेल. दक्षिणेतील कारवाई तीन महिन्यांत आटोपेल, असे उत्तर आले. चीनचे प्रकरण एका महिन्यात मिटेल असेही आपणच म्हणाला होता, याची सम्राटांनी आठवण करून दिली. चीनचा अंतर्भाग फार विस्तीर्ण आहे, अशी सुगियामांनी सबब पुढे केली. मग प्रशांत महासागर त्याहून विस्तीर्ण नाही का, हा सम्राटांचा प्रतिप्रश्न होता. सुगियामा निरुत्तर झाले. दुसऱ्याच दिवशी, ६ सप्टेंबरच्या परिषदेत, युद्धाच्या तयारीचा ठराव मात्र संमत झाला.

२०/ नागानो यांनी दिलेली उपमा या साऱ्या विचारसरणीचे सार आहे. जपान गंभीर आजारी रुग्णासारखा आहे. शस्त्रक्रियेत धोका आहे, पण न केल्यास रुग्ण हळूहळू खंगत जाईल. उपमा परिणामकारक आहे, आणि तिच्यातच फसगत आहे. तिने पर्याय दोनच उरतात : शस्त्रक्रिया किंवा क्षय. रोग कशाने जडला, हा प्रश्न तिच्यात येतच नाही. तेल बंद झाले ते चीनमधील युद्धामुळे आणि इंडोचायनात सैन्य घुसवल्यामुळे. ते सैन्य मागे घेणे हा तिसरा पर्याय होता.

२१/ तो पर्याय कोणी सुचवलाच नाही असे नव्हे. कोनोये सैन्यमाघारीवर काही तडजोड करू पाहत होते. १४ ऑक्टोबरच्या मंत्रिमंडळ बैठकीत तोजो यांनी ती ठामपणे फेटाळली. माघार घेतली तर चीनमध्ये जे मिळवले ते सारे मातीमोल होईल, आणि पाठोपाठ मंचुरिया व कोरियाही धोक्यात येतील, असे त्यांचे म्हणणे. चार वर्षांत गेलेले बळी आता धोरणच ठरवू लागले होते. माणसाने आयुष्यात कधीतरी कियोमिझू मंदिराच्या उंच सज्जावरून डोळे मिटून उडी घ्यावी लागते, असे तोजो कोनोये यांना म्हणाले होते. १६ ऑक्टोबरला कोनोये यांनी राजीनामा दिला, आणि १८ तारखेस तोजो पंतप्रधान झाले.

२२/ १ नोव्हेंबरला सकाळी सुरू झालेली बैठक दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत, सुमारे सतरा तास, चालली. अर्थमंत्री काया ओकिनोरी आणि परराष्ट्रमंत्री तोगो शिगेनोरी यांनी नेमके प्रश्न विचारले. आपण आज युद्ध केले नाही तर तीन वर्षांनी अमेरिका आपल्यावर चालून येईल का? नागानो यांच्या मते शक्यता निम्मी-निम्मी. आली तर आपण जिंकू शकू का? त्याचेही निश्चित उत्तर नव्हते. मग युद्ध केव्हा करावे, असे विचारता नागानो यांचे उत्तर होते : आताच, पुढे अशी वेळ येणार नाही. म्हणजे जो हल्ला कदाचित होणारच नव्हता, त्याच्या धास्तीने निश्चित युद्ध ओढवून घेतले जात होते. काया आणि तोगो यांनी अखेर संमती दिली.

२३/ आता प्रशांत महासागरापलीकडे. हेच आकडे वॉशिंग्टनमध्येही होते, आणि तेथे त्यांचा अर्थ उलट लागला. इतका दुबळा देश आपल्यावर हल्ला करणार नाही! परराष्ट्र खात्यातील स्टॅन्ली हॉर्नबेक यांना जॉन एमर्सन या तरुण अधिकाऱ्याने सांगून पाहिले, की जपान निराशेपोटी युद्ध करू शकेल. निराशेतून युद्धास उतरलेला एक तरी देश इतिहासात दाखवा, असे हॉर्नबेक यांनी त्याला सुनावले. टोकियोतील राजदूत जोसेफ ग्रू यांनीही ३ नोव्हेंबरला तार करून इशारा दिला होता : युद्ध अचानक आणि नाट्यमय रीतीने येऊ शकते. तरीही २७ नोव्हेंबरच्या टिपणात हॉर्नबेक यांनी १५ डिसेंबरपर्यंत युद्ध न होण्याच्या बाजूने पाचास एक अशी पैज मांडली.

२४/ बळाची जरब बसवताना हीच चूक वारंवार होते. आपले बळ वाढत आहे हे प्रतिस्पर्ध्यास दिसले की तो दबेल, असे आपण धरून चालतो. परंतु वाढते बळ त्याला एक तारीखही दाखवते : या तारखेनंतर तुला काहीच करता येणार नाही. त्याच वेळी त्याची रसद तोडली की ती तारीख आणखी जवळ येते. अमेरिकेचे निर्बंध अन्याय्य होते असा याचा अर्थ नव्हे. चीनमधील आक्रमणाकडे डोळेझाक करणेही योग्य नव्हते. पण नवे आरमार अजून गोदीत होते, आणि इशारा आजच पोहोचला होता. मधले अंतर म्हणजे धोक्याचा काळ.

२५/ त्या काळापुरते जपानचे पारडे खरोखर जड होते. अमेरिकेचे आरमार दोन महासागरांत विभागलेले. तिच्या प्रशांत ताफ्यात विमानवाहू नौका तीन. जपानकडे लहानमोठ्या मिळून दहा. पर्ल हार्बरवर गेलेल्या सहांपैकी शोकाकू ऑगस्टमध्ये आणि झुइकाकू सप्टेंबरच्या अखेरीस सेवेत आली होती. १ डिसेंबरला अंतिम निर्णय झाला. ५ डिसेंबरला मॉस्कोजवळ सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला आणि ज्या जर्मन विजयावर जपानने हिशेब बांधला होता, तो डळमळू लागला. दोनच दिवसांनी पर्ल हार्बर पेटले.

२६/ शेवट कसा करायचा, याचा विचार नोव्हेंबरच्या मध्यास तयार झालेल्या एका मसुद्यात आहे. ब्रिटनला जर्मनी आणि इटलीच्या साहाय्याने नमवायचे, आणि एकाकी पडलेल्या अमेरिकेची लढण्याची इच्छा मावळू द्यायची. १९०४ शी ताडून पाहा. तेव्हा युद्ध मिटवणारा मध्यस्थ ठरलेला होता. आता मध्यस्थाच्या जागी शत्रूचे मन होते. आणि त्या मनाला एका रविवारच्या सकाळी अचानक हल्ला करून डिवचायचे, असा आरंभ ठरला होता. आरंभाची योजना आणि शेवटाची योजना एकमेकींना छेद देत होत्या.

२७/ पुढचे यामामोतोंच्या इशाऱ्याबरहुकूम घडले. सहा महिन्यांनी, जून १९४२ मध्ये, मिडवे येथे जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. दक्षिणेचे तेल हाती आले, पण ते मायदेशी नेणारी जहाजे पाणबुड्यांनी बुडवली. वर्षाला ८ ते १० लाख टन जहाजे गमवावी लागतील, असा १९४१ चा सरकारी अंदाज. १९४३ मध्ये सुमारे १८ लाख आणि १९४४ मध्ये ३८ लाख टनांहून अधिक जहाजे बुडाली. जून १९४४ मध्ये फिलिपाइन समुद्रात जपानच्या नऊ विमानवाहू नौकांसमोर अमेरिकेच्या पंधरा होत्या. आणि ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत रशियाही उतरला. त्या लुटुपुटीच्या मंत्रिमंडळाने लिहिले होते त्याच क्रमाने.

२८/ मग बलाबलाचा युद्धाच्या निर्णयाशी संबंध काय? तो आहे, पण सरळ नाही. बळाचे आकडे ‘लढा’ किंवा ‘लढू नका’ असे सांगत नाहीत. ते किती काळ उरला आहे, एवढेच सांगतात. त्या काळात काय करायचे, हे राष्ट्र कशाला पर्याय मानते आणि कशाला मानत नाही यावर ठरते. काटो तोमोसाबुरो यांनी घसरण टाळण्यासाठी करार केला. त्यांच्या वारसांनी तोच करार मोडला, घसरण ओढवून घेतली, आणि मग ती घसरण हेच युद्धाचे कारण म्हणून पुढे केले. माघार हा शब्द चर्चेतून बाद झाला, त्याच क्षणी उरलेले सारे हिशेब एकाच उत्तराकडे जाऊ लागले.

२९/ म्हणून पुढे कोणत्याही दोन देशांच्या सैन्याची तुलना करणारा तक्ता पाहाल (असे तक्ते रोज फिरत असतात), तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारा. हा आकडा कोणत्या दिशेने सरकत आहे? दुबळ्या बाजूस सन्मानाने मागे फिरण्याची वाट उरली आहे का? आणि युद्ध मिटवणारा कोणी आहे का? तक्त्यात या तिन्हींचे रकाने नसतात. १९४१ मध्ये तक्ता अचूक होता. या रकान्यांत मात्र कोणी काही लिहिले नव्हते.

३०/ त्या सतरा तासांच्या बैठकीत तुम्ही काया ओकिनोरींच्या खुर्चीत असता, तर पुढचा प्रश्न कोणता विचारला असता? उत्तरे खाली जरूर लिहा. धागा इथे संपवतो.